डोंगळ्याची राणी नळीत आहे, अंडी घातलीत. पावसाळ्यात पुढं कसं सांभाळायचं?

विश्रामबागकर
४ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. सांगलीत १२ जूनला संध्याकाळी पाऊस उघडल्यावर रस्त्यावरच्या दिव्याखाली काळ्या डोंगळ्याची राणी मिळाली. पंख गळलेले, लांबी साधारण १७ मिमी. १८ × १५० मिमीच्या काचेच्या परीक्षानळीत ठेवली आहे. तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग मोकळी जागा आणि तोंडाला पुन्हा कापूस. नळी बुटाच्या खोक्यात, अंधारात असते. दहा-बारा अंडी आहेत, त्यांतल्या तीन-चारांच्या अळ्या झालेल्या दिसतात.

अडचण अशी की पाण्याकडच्या बोळ्यातून पाणी झिरपून पुढं आलंय. राणी अंड्यांचा गठ्ठा तोंडात धरून दुसऱ्या टोकाला बसली आहे. नळी बदलायची का, आणि बदलायची तर कशी? तिला आता काही खायला द्यावं का? पुढं कामकरी मुंग्या झाल्या की प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचा विचार आहे. त्या डब्याच्या कडेला पावडर लावतात म्हणे, घरात कॅरमची पावडर आहे, ती चालेल का? आणि घर पीओपीचं करावं की आणखी कशाचं?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
४ जुलै, रात्री १०.०५

सगळ्यात आधी एकच गोष्ट: कॅरमची पावडर वापरू नका. ती बहुतेक वेळा बोरिक पावडर असते आणि बोरिक आम्ल हे मुंग्यांचं विषच आहे. मुंगीच्या अंगाला लागलं की ती अंग साफ करताना चाटते, मग एकमेकींना भरवताना ते विष सगळ्या वसाहतीत जातं. डबा त्या पावडरीनं आधीच पुसला असेल तर तो डबा स्वयंपाकघरातही नको आणि मुंग्यांनाही नको, दुसरा घ्या. कडेला काय लावायचं ते दुसरं कोणी सविस्तर सांगेल, मी नळीबद्दल लिहितो.

पाणी पुढं का आलं? तुमच्या नळीत पाणी आणि बोळा यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा राहिला असणार. १० अंशांनी तापमान वाढलं की हवा साधारण ३ टक्के फुगते. बुडबुडा ५ मिलीचा असेल तर तेवढ्यानंच तीन-चार थेंब पाणी बोळ्यातून ढकललं जातं. राणीच्या मानानं ते तळंच झालं. रात्री नळी गार झाली की बुडबुडा आकसतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. म्हणजे बुडबुडा मोठा होतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी पाणी येतं. म्हणून पहिला महिना ठीक जातो आणि नळीतलं पाणी अर्ध्यावर आलं की अचानक पूर येतो. यावर उपाय तापमान स्थिर ठेवण्याचा. खिडकी, गच्चीखालची भिंत, टीव्हीच्या मागची जागा, फ्रिजची वरची बाजू, यांतलं काहीच नको. घराच्या आतल्या भिंतीला लागून असलेलं कपाट, त्यातला खालचा खण, ही जागा उत्तम.

नवी नळी अशी भरा. सुई काढलेल्या सिरिंजनं १० मिली उकळून गार केलेलं पाणी घाला. १८ मिमीच्या नळीत ते पाच सेंटिमीटरच्या आसपास येतं. साधा सर्जिकल कापूस घट्ट वळून पेन्सिलीच्या मागच्या बाजूनं हळूहळू ढकला. बोळा पाण्याला टेकला की तो ओला होताना दिसतो. तिथंच थांबा, मध्ये हवा ठेवू नका आणि पाण्यात बुडवूही नका. बोळा दाबून दीड सेंटिमीटर जाडीचा झाला पाहिजे. मग नळी आडवी करून एक अख्खी रात्र तशीच ठेवा. सकाळी कोरड्या बाजूला एक थेंबही नसेल तरच ती राणीसाठी वापरा. बहुतेक जण ही एक रात्र वाचवायला जातात आणि पुन्हा तिथंच अडकतात.

राणीला उलटून नव्या नळीत पाडू नका. दोन्ही नळ्यांची तोंडं समोरासमोर आणा आणि मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी भोवती गुंडाळा. आत चिकटपट्टीची चिकट बाजू उघडी राहता कामा नये, तिथं पाय अडकतात. नवी नळी काळ्या कागदात गुंडाळा, जुनी उजेडात ठेवा. उजेड म्हणजे खोलीतला साधा उजेड, ऊन नव्हे. ती स्वतः जाईल आणि अंडी-अळ्या एकेक करून उचलून नेईल. काही वेळा एका रात्रीत होतं, काही वेळा तीन दिवस लागतात. पाणी पार पुढंपर्यंत येऊन अंडी तरंगायला लागली असतील तरच हातानं हलवा. त्यासाठी रंगकामाचा सर्वांत बारीक ब्रश ओला करून घ्यायचा. अंडी एकमेकांना चिकटलेली असतात, गठ्ठा आपोआप ब्रशला येतो.

खाणं आता अजिबात नको. डोंगळ्याची राणी पहिल्या पिढीपर्यंत बाहेर पडत नाही आणि खात नाही. पंख गळाल्यावर उडण्याचे स्नायू तिला लागत नाहीत. ते स्नायू आणि अंगातली चरबी विरघळवून ती अळ्यांना तोंडातून भरवते. साखरेचा थेंब ठेवलात तर तिचं पोट भरण्याआधी बुरशी येईल. सहा-सात आठवडे झाले, एकही कामकरी नाही आणि राणीचं पोट चपटं दिसतंय, असं झालं तरच टाचणीच्या डोक्याएवढा मधपाण्याचा थेंब द्या आणि दुसऱ्या दिवशी पुसून काढा.

आणि नळी रोज उघडून बघू नका. दहा दिवसांतून एकदा, लाल जिलेटीन कागदातून, अर्धा मिनिट. मुंग्यांना लाल उजेड फारसा दिसत नाही. वारंवार हलवली, टेबलावर आपटली की राणी घाबरून अंडी खाते. 'अंडी होती, आता नाहीत' अशा दहा तक्रारींमागं आठ वेळा हेच असतं. उरलेल्या दोन वेळा राणीचं मीलन झालेलं नसतं. पंख गळाले म्हणजे मीलन झालंच असं नाही. तशा राणीची अंडी एक तर वाया जातात किंवा त्यातून नुसते नर निघतात. ते कळायला वाट बघण्याशिवाय मार्ग नाही.

प्रीतिसंगम (कराड)
५ जुलै, सकाळी ७.५०

याला जोडून माझे दोन प्रश्न. आमच्याकडं परवा पावसानंतर ट्यूबलाइटखाली पंखवाल्यांचा ढीग पडला होता, सकाळी नुसते पंख. त्यात राण्या कशा ओळखायच्या? आणि दोन राण्या एका नळीत ठेवल्या तर वसाहत लवकर वाढते का?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
५ जुलै, सकाळी ८.३०

ढीगच्या ढीग आणि सकाळी नुसते पंख म्हणजे ती वाळवी. पंख उचलून बघा: वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि अंगाच्या दुप्पट लांब. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. वाळवीला कंबर नसते, सरळ नळकांड्यासारखं अंग. तिच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात, मुंगीच्या मिशांना कोपर असतं.

मुंग्यांमध्ये राणी आणि नर वेगळे करायचे तर डोकं बघा. नराचं डोकं लहान, अंग सडपातळ आणि पंख तसेच असतात. तो थोड्याच दिवसांत मरतो. राणीचं डोकं रुंद, पोट मोठं, आणि पाठीचा मधला भाग उंचवट्यासारखा फुगीर. तिथं पंखांचे स्नायू असतात. पंख गळाले असतील तर त्या उंचवट्याच्या बाजूला वाळलेल्या खपलीसारखे चार बारीक ठिपके दिसतात. मोठ्या डोक्याच्या कामकरी डोंगळ्याला पुष्कळजण राणी समजून आणतात. त्याची पाठ वरून पाहिली तर अरुंद आणि गुळगुळीत असते, हे ठिपके नसतात.

दोन राण्या एकत्र नकोत. सुरुवातीला शांत बसतात, कामकरी आल्या की एकीचा जीव जातो आणि कधी उरलेलीही जखमी होते. दोन मिळाल्या तर दोन नळ्या करा. तसंही सगळ्याच राण्या पहिल्या कामकरींपर्यंत पोचत नाहीत.

वारूळ खणून राणी काढायचा विचार मात्र कोणी करू नका. डोंगळ्याची राणी खोल असते, ती हाताला लागत नाही. अख्खी वसाहत मोडते आणि हातात राणीविना कामकरी येतात, त्या काही महिन्यांत संपतात. कास पठार, कोयना, चांदोली इथून तर एक मुंगीही उचलायची नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. आपल्या गल्लीतल्या दिव्याखाली मृगात जे मिळतं ते भरपूर झालं.

प्रयोगशाळा_मिरज
५ जुलै, दुपारी १.१५

विश्रामबागकर, डब्याच्या कडेबद्दल मी लिहिते.

टाल्कम पावडर चालते, पण सुगंध नसलेली, शुद्ध टाल्क हवी. मिरजेत प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत सुटी मिळते. एक चमचा टाल्क, तीन चमचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, नीट ढवळून डब्याच्या वरच्या पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात कापसानं एकाच दिशेनं पातळ थर द्या. अर्ध्या तासात अल्कोहोल उडतं आणि पांढरा धुरकट थर राहतो. त्यावर पाय ठेवला की पावडरचे कण सुटतात आणि मुंगी घसरते. जाड थर दिलात तर त्याचे पापुद्रे निघतात आणि त्याच पापुद्र्यांवरून मुंग्या चढतात. अल्कोहोल पूर्ण उडून वास जाईपर्यंत मुंग्या डब्यात सोडू नका.

उन्हाळ्यात सांगली-मिरजेत हा थर दोन-अडीच महिने टिकतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते, टाल्क ओल धरते आणि आठवड्याभरात निकामी होते. सातारा, पाटण, महाबळेश्वरच्या बाजूला तर चार दिवसही नाही. म्हणून पावसाळ्यात मी लिक्विड पॅराफिन वापरायला सांगेन. मेडिकलमध्ये बाटली मिळते. कापसाच्या बोळ्यावर चार-पाच थेंब घेऊन वरच्या तीन सेंटिमीटरवर पुसा, मग कोऱ्या कापसानं पुन्हा पुसून घ्या. बोट लावलं तर तेलकट लागावं, पण ओघळ दिसता कामा नये. ओघळात लहान मुंग्या अडकून मरतात. दर दोन आठवड्यांनी जुना थर पुसून नवा द्यायचा, कारण त्याला धूळ चिकटते आणि धुळीवरून त्या चालतात.

खोबरेल तेल लावू नका. २४ अंशांच्या खाली ते गोठतं. डिसेंबरात रात्री थर घट्ट पांढरा होतो आणि मुंग्या त्यावरून सरळ बाहेर येतात. गोडेतेल काही दिवसांत चिकट होतं.

कितीही चांगला थर दिलात तरी झाकण हवंच. झाकणाला भोक पाडून त्यावर स्टीलची बारीक जाळी गरम गोंदानं चिकटवा. चहाच्या जुन्या गाळणीची जाळी डोंगळ्यांना पुरते. नायलॉनची मच्छरदाणी लावू नका, मोठे डोंगळे ती कुरतडतात.

आता उलट बाजूचा धोका, याकडं कोणी लक्ष देत नाही. आपल्या घरातल्या बारक्या मुंग्या तुमच्या नळीत शिरतात. साखरपाण्याचा वास लागला की रात्रीत रांग लागते, कापसाच्या फटीतून त्या आत जातात आणि सकाळपर्यंत अळ्या संपलेल्या असतात. दुधाच्या पातेल्याखाली परातीत पाणी ठेवतात, तेच करायचं. मोठी परात, तिच्यात दोन सेंटिमीटर पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मधोमध पालथी वाटी आणि वाटीवर डबा. साबणाच्या थेंबामुळं पाण्याचा ताण मोडतो, नाहीतर बारक्या मुंग्या पाण्यावरून चालत येतात. डबा भिंतीला किंवा पडद्याला टेकता कामा नये.

त्याच खोलीत डासांचं लिक्विड मशीन, अगरबत्तीसारखी डासांची कांडी, मुंग्यांचा खडू, फवारा यांतलं काहीही वापरू नका. यातली बहुतेक औषधं कीटकांच्या मज्जातंतूंवर काम करतात, त्यांना डास आणि मुंगी यांत फरक नाही. मुंग्या पाय झाडत पाठीवर पडलेल्या दिसल्या तर आधी हे तपासा. घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर वसाहत दोन आठवडे दुसऱ्या घरी हलवा.

तासगावचा_मळा
५ जुलै, रात्री ८.४०

ताईंनी औषधांचं लिहिलं ते अगदी खरं. त्यात आमच्या भागापुरती एक भर घालतो. द्राक्षबागेतले, उसातले, भाजीच्या वावरातले किडे धरून मुंग्यांना घालू नका. फवारणी झालेल्या पानावरचा नाकतोडा धडधाकट दिसतो, पण त्याच्या अंगावरचं औषध तुमच्या दहा मुंग्यांना पुरेसं असतं. द्राक्षाचा मणीही नको. किडे हवेत तर घरात वाढवा. मीलवर्म म्हणजे पीठकिड्यांच्या अळ्या पाळीव पक्ष्यांच्या आणि माशांच्या दुकानांत मिळतात. प्लास्टिकच्या डब्यात चार सेंटिमीटर गव्हाचा कोंडा आणि आठवड्याला गाजराचा एक तुकडा, एवढ्यावर त्या वाढतात. डबा कोरडा ठेवायचा, कोंडा ओला झाला की माइट्स म्हणजे अगदी बारीक कोळीकिडे होतात आणि तेच माइट्स मुंग्यांच्या अंगावर येतात.

देताना किडा आधी मारून द्यायचा. उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवा, टिपून घ्या, कात्रीनं कापा. पाच कामकरींना तीन मिमीचा तुकडा भरपूर झाला, आठवड्यातून दोनदा. चोवीस तासांनी उरलेलं चिमट्यानं काढून टाका. गोड म्हणजे एक चमचा साखर, तीन चमचे पाणी. थेंब उघडा ठेवू नका, मुगाएवढ्या कापसाच्या गोळीला लावून द्या, नाहीतर नवजात मुंग्या बुडतात. आपल्याकडं गूळ सहज मिळतो म्हणून कोणी गुळाचं पाणी देतं. खातात आवडीनं, पण ते पावसाळ्यात एका दिवसात आंबतं. साखर बरी.

भुकेल्या आहेत की नाहीत हे डोंगळ्याच्या पोटावरून कळतं. पोट भरलं की त्याच्यावरच्या काळ्या पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि मधली फिकट कातडी रेघांसारखी दिसायला लागते. अशा मुंगीसमोर दुसरी येते, मिशांनी तिचं तोंड थोपटते आणि दोघी तोंडाला तोंड लावून स्थिर राहतात. भरलेली मुंगी पोटातलं दुसरीला देत असते. बाहेर एकीनंच खाल्लं तरी रात्रीपर्यंत सगळ्यांच्या पोटावर त्या रेघा आलेल्या असतात. सगळ्यांची पोटं अशी ताणलेली असतील तर त्या दिवशी खाणं घालू नका.

आता घराचं. पीओपी मी नको म्हणेन. १०० ग्रॅम पीओपीला ६५ मिली पाणी घेऊन ओतलं की घर दिसायला सुंदर होतं. पण ते आतपर्यंत सुकायला आठवडा जातो, पावसाळ्यात त्याहून जास्त. ओल दिली की काळी बुरशी धरते आणि भिजलेलं पीओपी डोंगळे कुरतडून बोगदा काढतात. त्यापेक्षा बांधकामाचा एएसी ब्लॉक घ्या, तो पांढरा, हलका, सच्छिद्र असतो. ६०० × २०० × १०० मिमीचा एक ब्लॉक किंवा साइटवरचा तुटका तुकडाही चालतो. जुन्या हॅक्सॉ ब्लेडनं २० × १० सेंटिमीटरचा तुकडा कापा. पेन्सिलीनं खोल्या आखा आणि जुन्या स्क्रूड्रायव्हरनं कोरा. प्रत्येक खोली ४ × २.५ सेंटिमीटरची आणि १२ मिमी खोल, बोगदे १० मिमी रुंद. चार खोल्या पुरे. कोरताना तोंडाला मास्क लावा आणि तुकडा पाण्यानं भिजवून घ्या, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट.

पाण्यासाठी खोल्यांपासून दोन सेंटिमीटर दूर, बाजूनं ४ सेंटिमीटर खोल भोक पाडा. त्यात आठवड्याला सिरिंजनं १० मिली पाणी घालायचं. ब्लॉक ते शोषतो, भोकाजवळची खोली दमट राहते आणि लांबची कोरडी. हे फार महत्त्वाचं आहे. अंडी आणि लहान अळ्यांना ओल लागते, कोषांना कोरडं लागतं, आणि मुंग्या आपापली जागा निवडतात. सगळं घर सारखं भिजवलं तर त्यांना निवडायला काही राहत नाही. पावसाळ्यात पाणी निम्मं करा. काचेवर आतून दव धरलं तर दोन आठवडे अजिबात घालू नका.

कोरून झालं की तुकडा दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, मग तीन-चार दिवस वाळवा. समोर ४ मिमीची काच, कडा घासून घेतलेली. सिलिकॉननं चिकटवू नका, नंतर साफ करता येत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी काच आवळा. घर आणि खाण्याचा डबा जोडायला गवंड्यांची पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, आतून १० मिमीची. डब्याला भोक पाडून त्यात ठिबकचा रबरी ग्रोमेट बसवला की पाइप घट्ट बसते, फट राहत नाही. सांगली जिल्ह्यात ठिबकचं दुकान नाही असं गाव नसेल. फक्त सामान नवं घ्या. वावरातून काढलेल्या पाइपमध्ये खताचे आणि औषधाचे अंश असतात.

प्रयोगशाळा_मिरज
५ जुलै, रात्री ९.२५

दादा, एएसी बद्दल मान्य, पण वेळेबद्दल लिहायला हवं, नाहीतर विश्रामबागकर पहिल्या पाच मुंग्या झाल्या की घरात सोडतील. पंचवीस-तीस कामकरी होईपर्यंत नळीच बरी. मोठं घर दिलं की त्या एका कोपऱ्यात बसतात आणि रिकाम्या खोल्यांत किड्यांचे अवशेष टाकतात. त्यावर बुरशी येते, ती तुम्हाला काच काढल्याशिवाय साफ करता येत नाही. शिवाय थोड्याच मुंग्या असल्या की त्या राणीला सोडून खाणं शोधायला फार लांब जात नाहीत, आणि वसाहत उपाशी राहते. तोपर्यंत नळीचं तोंड उघडून ती लहान डब्यात आडवी ठेवायची, खाणं डब्यात द्यायचं. साधारण १५ × १० सेंटिमीटरचा डबा पुरतो.

नळी जोरात हलवू नका, हे आणखी एका कारणासाठी सांगते. डोंगळ्याला नांगी नसते, तो चावतो आणि फॉर्मिक आम्ल फवारतो. वीस-तीस मुंग्या बंद नळीत घाबरल्या तर त्या आम्लाच्या वाफेनं त्या स्वतःच मरतात. नळी कधी तोंड बंद करून प्रवासाला न्यायची असेल तर आधी एक दिवस शांत ठेवा, कापूस सैल लावा आणि फोममध्ये बसवा.

प्रीतिसंगम (कराड)
६ जुलै, सकाळी ६.५५

घरात बिया साठवणाऱ्या मुंग्यांचं ऐकलंय. ज्वारी-बाजरी घालून डोंगळे सांभाळता येतील का? किडे मारणं घरात चालत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
६ जुलै, सकाळी ९.१५

डोंगळा दाणे फोडून खात नाही, त्याला गोड आणि मांस लागतं. झाडावरच्या माव्याचा आणि तुडतुड्यांचा गोड रस हे त्याचं रानातलं मुख्य खाणं. बिया साठवणाऱ्या मुंग्या वेगळ्या. पुण्याच्या परिसरात गवताचं बी गोळा करून पावसानंतर ते उन्हात वाळत घालणाऱ्या मुंग्यांचं वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये छापलं. त्या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांच्या गटातल्या. त्यांच्या कामकरी अडीच-तीन मिमीच्या, डब्याच्या कडेवर आणि जाळीवर फार काटेकोर लक्ष द्यावं लागतं, आणि बियांबरोबर त्यांनाही किडे लागतातच. किडे मारायचे नसतील तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, हरभऱ्याएवढा, आठवड्यातून एकदा देता येईल. अळ्या त्यावर वाढतात, किड्यांवर वाढतात तेवढ्या जोमानं नाही. उरलेला बलक बारा तासांत काढा, नाहीतर वास येतो.

लाल, चटका देणाऱ्या मुंग्या आणि झाडावरच्या काळ्या-तांबड्या, सडपातळ, नांगीवाल्या मुंग्या घरात आणू नका. त्यांचा डंख फार दुखतो आणि काहींना अंगावर गांध्या येतात. पानं शिवणाऱ्या मुंग्यांना झाड लागतं, डब्यात त्या टिकत नाहीत. परदेशी मुंग्या कोणी ऑनलाइन विकत असेल तर घेऊ नका, त्या निसटल्या तर शेताला आणि इथल्या मुंग्यांनाही भोगावं लागतं.

विश्रामबागकर
१७ ऑगस्ट, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणं राणी दुसऱ्या दिवशी नव्या नळीत गेली. आज सहा कामकरी आहेत, अगदी लहान, पाच-सहा मिमीच्या. सात कोष आहेत. यात दोन शंका. कोषांच्या एका टोकाला काळा ठिपका आहे, रोग आहे का? आणि नळीच्या बोळ्यावर पिवळसर डाग आलाय, नळी बदलू का?

प्रयोगशाळा_मिरज
१७ ऑगस्ट, रात्री १०.००

काळा ठिपका ही चांगली खूण. अळी तिच्या सगळ्या आयुष्याची घाण पोटात साठवते आणि कोष विणून झाल्यावर एकदाच टाकते. ती कोषाच्या मागच्या टोकाला वाळून बसते. ठिपका आला म्हणजे आत बदल सुरू झाला. कोष स्वतः फोडायला जाऊ नका, वेळ आली की कामकरी कडा कुरतडून आतल्या मुंगीला बाहेर काढतात. बाहेर आलेली मुंगी फिकट, जवळजवळ पारदर्शक असते, रंग भरायला दोन-तीन दिवस लागतात. ती मेल्यासारखी निपचित दिसली तरी हात लावू नका.

पिवळा डाग त्यांच्या विष्ठेचा किंवा साध्या बुरशीचा असतो. राणी आणि अळ्या त्यापासून दूर, कोरड्या जागेत असतील तर काही करायचं नाही. बोळा काळा पडला आणि पाण्याला वास आला तरच बदला. पाणी किती उरलंय?

विश्रामबागकर
१७ ऑगस्ट, रात्री १०.१०

साधारण दीड सेंटिमीटर.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
१७ ऑगस्ट, रात्री १०.२५

मग गणपतीच्या आधीच दुसरी नळी भरून त्याच डब्यात शेजारी ठेवून द्या, तोंडं एकाच बाजूला. जोडायची गरज नाही. जुनीतलं पाणी संपत आलं की त्या आपणहून सगळं उचलून नव्या नळीत नेतात. नवी नळी फक्त काळ्या कागदात हवी, जुनीवरचा कागद काढा. पहिल्या मुंग्या आकारानं लहानच असतात, कारण राणीनं एकटीनं भरवलेल्या असतात. पुढची पिढी मोठी निघेल, आणि मोठ्या डोक्याच्या कामकरी दुसऱ्या वर्षापर्यंत दिसायला लागतील.

विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल आणि डीजे तुमच्या गल्लीतून जाणार असतील तर त्या दिवशी डबा रस्त्याकडच्या भिंतीपासून दूर, जाड घडी केलेल्या गोधडीवर ठेवा. मुंग्यांना आवाज ऐकू येत नाही, पण जमिनीतून आणि टेबलातून येणारी थरथर त्यांना पायांतून कळते.

तासगावचा_मळा
१८ ऑगस्ट, सकाळी ६.३०

थंडीत अंडी कमी झाली तर घाबरू नका. नोव्हेंबर ते जानेवारी राणी थांबल्यासारखी होते, खाणंही कमी लागतं, आठवड्यातून एकदा पुरतं. हीटर लावायची गरज नाही, फेब्रुवारीत ती पुन्हा सुरू करते. एएसी ब्लॉक मात्र आत्ताच कोरून ठेवा, पुढच्या उन्हाळ्याच्या आधी तीस मुंग्या होतील. सांगलीचा एप्रिल चाळीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा ओल धरणारा जाड ब्लॉक पातळ ॲक्रिलिकच्या घरापेक्षा बराच गार राहतो. ३५ अंशांच्या वर गेलं तर पाणी आठवड्यातून दोनदा घाला आणि डबा जमिनीलगत, फरशीवर ठेवा.